लोकलहोस्टची राखण

तुमच्या घराला दारच नाही, असं मला ज्या बाईंनी सांगितलं त्या पुण्याच्या होत्या. सांगितलं तेही फोनवर, सकाळी साडेदहाला, तेल्हाऱ्याच्या बसमधली धूळ मी नीट झटकलीही नव्हती तेव्हा. घर म्हणजे राहतं घर नव्हे. आमचा प्रोग्रॅम. पण त्या दिवसांत मला कोणी दोन्हींत फरक करायला सांगितलं असतं तर जमलं नसतं.

अकोल्यात जठारपेठेत एका कापडाच्या दुकानाच्या वर आमच्या दोन खोल्या होत्या. आमच्या म्हणजे माझ्या आणि सरांच्या. सरांनी मला तंत्रनिकेतनात शिकवलं होतं. निवृत्त झाल्यावर घरी बसून त्यांना वीट आला आणि नोकऱ्या करकरून मला, म्हणून आम्ही भागीदारीत उतरलो. भागीदार झाल्यावरही मी त्यांना सरच म्हणायचे आणि ते मला चिडवायला मॅडम म्हणायचे. त्यांना संगणकातलं माझ्यापेक्षा जास्त कळायचं, आणि मला त्यांच्यापेक्षा जास्त राग यायचा. अशी आमची कामाची वाटणी होती.

आम्ही बनवलं होतं ते प्रोग्रॅम लिहिणाऱ्यांच्या कामाचं एक अवजार. खेड्यातून इंजिनिअरिंगला आलेली मुलं पहिल्या वर्षाला त्या काळ्या पडद्याला भितात. कर्सर लुकलुकत असतो आणि पोरगं घामाघूम होतं. मी स्वतः झाले होते. म्हणून आम्ही ब्राउझरमध्ये उघडणारं एक साधं पान केलं. त्यावर मराठीत बटणं: चालव, थांबव, पुसून टाक, पुन्हा कर. बटण दाबलं की मागे बसलेला एक छोटा सर्व्हर ते काम त्या संगणकावर करून टाकायचा. सर्व्हर म्हटलं की लोकांना थंडगार खोली आणि मोठमोठी कपाटं आठवतात. हा तसला नव्हता. तो त्याच मुलाच्या लॅपटॉपवर राहायचा. आपल्याच यंत्राला आपण हाक मारतो ते नाव लोकलहोस्ट, आणि त्यापुढे एक दाराचा क्रमांक. तिथे निरोप गेला की काम झालं.

निरोप कोणाचा हे आम्ही कधी विचारलं नाही. कशाला विचारायचं? तो सर्व्हर बाहेरच्या जगाशी बोलतच नव्हता. त्याच यंत्रावरून आलेलं तेवढंच ऐकायचा. म्हणजे जो आला तो घरचाच. घरच्या माणसाला दारात अडवून ‘तू कोण’ म्हणायची आमच्याकडे रीत नाही.

पुण्याच्या एका कंपनीला हे अवजार आवडलं होतं. नव्याने लागलेल्या मुलांना शिकवायला त्यांना ते हवं होतं. त्यांनी घेतलं असतं तर जठारपेठेतल्या आमच्या खोल्या पुढची काही वर्षं चालल्या असत्या. नाही घेतलं तर सर कुलूप लावणार होते, तसं त्यांनी सांगूनच टाकलं होतं. आणि माझ्या पर्समध्ये पुण्यातल्याच एका दुसऱ्या कंपनीचं नोकरीचं पत्र महिनाअखेरची वाट बघत पडलेलं. नवरा तेल्हाऱ्याच्या शाळेत मास्तर, मुलगी आठवीत. गेले असते तर मी एकटीच गेले असते. त्या पत्राकडे पाहिलं की मी पर्सची चेन लावून टाकायचे.

तर त्या बाई. कंपनीत अवजारं तपासून बघायचं काम त्यांच्याकडे होतं. आवाज शांत, एकेक अक्षर धुऊन वाळत घातल्यासारखं. म्हणाल्या, “मी तुम्हाला एक लिंक पाठवते. तुमचं टूल चालू ठेवा आणि ती त्याच ब्राउझरमध्ये उघडा. एवढंच.”

उघडली. थालीपिठाची पाककृती निघाली. दोन वाट्या भाजणी, एक कांदा बारीक चिरून. मी सरांना म्हटलं, “बाईंनी चुकीची लिंक धाडली.” तेवढ्यात माझ्या डेस्कटॉपवर एक फाइल उगवली. मी हात कशालाही लावलेला नव्हता. फाइल उघडली तर आत एकच ओळ होती.

“आत आले. चहा नको.”

माझ्या नाकाला अशा मिरच्या झोंबल्या की विचारू नका. आधी मला वाटलं, ह्या बाईंनी व्हायरस सोडला. फोन चालूच होता. मी काही बोलायच्या आत सरांनी तो हातातून घेतला, स्पीकरवर टाकला आणि मास्तरी सुरात सांगायला लागले, की बाई, असं होऊच शकत नाही, एका साइटचं उत्तर दुसऱ्या साइटला ब्राउझर वाचू देत नाही, हा नियम आहे.

“उत्तर वाचायचंय कुणाला?” बाई म्हणाल्या. “निरोप पोचला आणि काम झालं. उत्तर घेऊन मी काय करू?”

सरांनी खडू ठेवल्यासारखा फोन टेबलावर ठेवला. असं बोलणं अर्ध्यात सोडलेले सर मी त्याआधी एकदाच पाहिले होते, निवृत्तीच्या समारंभात.

बाईंनी शांतपणे उलगडून सांगितलं. माझ्या ब्राउझरमध्ये उघडलेलं कुठलंही पान, पाककृतीचं, भविष्याचं, कापसाच्या भावाचं, ब्राउझरला सांगू शकतं की अमुक दाराशी हा निरोप दे. आणि ब्राउझर तर माझ्याच यंत्रावर आहे. म्हणजे बाहेरचा माणूस आत आलाच नव्हता. त्यानं आमच्याच घरातल्या लेकराच्या हातात चिठ्ठी दिली, आणि लेकरू घरातलं म्हणून आम्ही ती न वाचता मान्य केली. हल्ली काही ब्राउझर असं करण्याआधी विचारायला लागलेत, पण तेव्हा आमच्याकडच्या मुलांच्या यंत्रांवर तसलं काही नव्हतं, आणि आजही विचारलं तरी मुलं न वाचता ‘हो’ दाबतात.

“मी एक फाइल ठेवून गेले,” बाई म्हणाल्या. “दुसरा कोणी ठेवून जाणार नाही. घेऊन जाईल. किंवा तुमचं ते ‘पुसून टाक’ बटण दाबेल.”

फोन ठेवल्यावर मी त्यांना तोंडभर शिव्या घातल्या. मग खुर्चीत बसले आणि मला खरोखर भीती वाटली. दोन-तीन महाविद्यालयांतली मुलं हे अवजार वापरत होती. त्यांचे वर्षाचे प्रकल्प त्या यंत्रांवर होते. आंधळं दळतं आणि कुत्रं पीठ खातं म्हणतात, त्यातलं आंधळं मीच होते.

दुरुस्तीला दीड दिवस लागला. असा निरोप पाठवताना ब्राउझर त्यावर आपणहून एक ओळ लिहितो: हे कोणत्या पानानं पाठवलं. ती ओळ पानाला खोडता येत नाही. आम्ही सर्व्हरला ती वाचायला शिकवलं. आमच्या पानाकडून आलं असेल तर कर, नाहीतर हाकलून दे. मी ते पुण्याला पाठवणारच होते, तेवढ्यात सर म्हणाले, “मॅडम, पेन ड्राइव्हवाल्या पोट्ट्यांचं काय?”

हे जरा सांगायला हवं, कारण आमची खरी चूक इथे झाली. आमच्याकडे लाइट जाते. लाइट गेली की नेट जातं, आणि काही गावांत नेट लाइटची वाट न बघताच जातं. बटणांचं ते पान आमच्या वेबसाइटवर होतं, म्हणून आम्ही ते पेन ड्राइव्हवर भरूनही मुलांना वाटलं होतं. पेन ड्राइव्ह लावला, पान उघडलं, काम सुरू. मुलं जाम खूश होती. पण पेन ड्राइव्हवरून उघडलेल्या पानाला गावच नसतं. ब्राउझर त्याच्या निरोपावर पाठवणाऱ्याच्या जागी ‘कोणी नाही’ असं लिहितो. नव्या दुरुस्तीत ही सगळी मुलं बाहेर पडणार होती.

“त्यांले काहून तोडायचं?” सर म्हणाले. “ते तर आपलेच पोट्टे हाय ना.”

मलाही पटलं. चोर सोडून संन्याशाला फाशी कशाला? मी एक ओळ वाढवली: ज्याच्यावर नाव नाही त्याला येऊ दे. पुण्यात बसलेल्या कोणाकडून ही चूक कधी झाली नसती, कारण पुण्यात कोणी पानं पेन ड्राइव्हवर भरून वाटत नाही. ही चूक करायला वऱ्हाडच लागतं.

तीन दिवसांनी दुसरी लिंक आली. या वेळी कांदेपोहे. मी मोहरी तडतडू द्यावी इथपर्यंत वाचलं आणि डेस्कटॉपवर फाइल.

“पुन्हा आले. या वेळी नाव न सांगता.”

बाईंनी आपल्या पानात एक बंद चौकट ठेवली होती. तसल्या चौकटीतून निघालेल्या निरोपावर ब्राउझर नाव लिहीत नाही, तिथेही ‘कोणी नाही’ येतं. आमच्या पोरांसाठी ठेवलेल्या खिडकीतून त्या सरळ आत आल्या होत्या. मी फोन लावला आणि शुद्ध मराठी बाजूला ठेवून विचारलं, “तुमाले दुसरं काही काम नाई काय वो बाई?”

“नाही,” त्या म्हणाल्या. “माझं हेच काम आहे.”

मग त्यांनीच सांगितलं, की पुढच्या शुक्रवारी त्यांची माणसं अमरावतीला येताहेत, तिथल्या एका सभागृहात या भागातल्या प्रोग्रॅम लिहिणाऱ्यांना भेटायला. त्याही येणार. “तिथे सगळ्यांसमोर तिसऱ्यांदा पाहू. मी आत आले तर माझा शेरा नकाराचा असेल. मग मी काही करू शकणार नाही.” त्या शुक्रवारनंतरचा सोमवार म्हणजे महिनाअखेर. मी पर्सची चेन पुन्हा तपासली. सरांनीही टेबलावरचा पेन ड्राइव्ह उचलून खणात टाकला आणि लवकर घरी गेले.

त्यातच आत्याचा फोन. माझं माहेर शेंदूरजनाघाटचं, बगीचा संत्र्याचा. वडील गेल्यापासून आत्याच बघते. आंबिया बहाराच्या संत्र्यांची तोड होती, आणि तोडीच्या दिवशी घरचं एक माणूस फाटकावर आणि एक आत झाडांत पाहिजे, असा तिचा नियम. “तू ये,” म्हणाली. “तुह्यं ते डबडं आनाचं तं आन, पन ये.” मी रविवारी लॅपटॉप घेऊन, तोंड पाडून गेले.

आत्या फाटकाशी प्लास्टिकच्या खुर्चीवर बसली होती. मी चहा घेऊन तिच्याजवळ टेकले तोच एक टेम्पो थांबला. दहा-बारा तोडणारे खाली उतरले, कॅरेट उतरवायला लागले. पुढे मुकादम.

“कोनं धाडलं?” आत्या.

“शेठनं.”

शेठ म्हणजे व्यापारी, आणि व्यापारी तर खरंच येणार होता. मी असते तर फाटक उघडून मोकळी झाले असते. आत्यानं दुसरं विचारलं, “कोनाच्या बगीच्यात आले?”

मुकादमानं नाल्यापलीकडच्या एका पाटलांचं नाव घेतलं.

“मंग हा तो बगीचा नाई.”

“पन मावशी, ड्रायवरनं तं हेच फाटक दाखोलं. रस्ता इथंच आला.”

“रस्ता आला म्हनून बगीचा तुमचा झाला काय? उचला कॅरेट.”

त्यांनी उचलले. बिचारे चोर नव्हते, खरंच चुकले होते. अर्ध्या तासानं दुसरा टेम्पो आला. त्या मुकादमानं दोन्ही प्रश्नांची उत्तरं बरोबर दिली, तरी आत्या उठली नाही. तिनं हात पुढे केला. मुकादमानं खिशातून खेळायच्या पत्त्याचा अर्धा तुकडा काढला. आत्यानं कनवटीच्या बटव्यातून दुसरा अर्धा. चौकटची नव्वी होती. फाटलेल्या कडा जुळल्या, तेव्हा कुठे फाटक उघडलं. सौदा ठरला की आत्या कॅटमधलं एक पान फाडून अर्धं व्यापाऱ्याला देते. दर सौद्याला नवं पान. लहानपणी आमच्या घरी पत्ते खेळता यायचे नाहीत, कारण कॅट कधीच पुरा नसायचा.

हे सगळं मी जन्मापासून बघत आले होते. त्या दिवशी मात्र मी चहाचा कप हातात धरून तशीच बसले. आत्या तीन गोष्टी विचारते. माझा सर्व्हर एकच विचारत होता, आणि तीही उत्तर मिळालं नाही तर सोडून देत होता.

दुसऱ्या प्रश्नानं मला जास्त अस्वस्थ केलं. अशा हल्ल्यांबद्दल मी आठवडाभर वाचत होते आणि त्यातला एक माझ्या डोक्यात नीट शिरत नव्हता. कुठल्या साइटचा पत्ता कोणता, हे सांगणारी एक वही इंटरनेटवर असते. चोर आपल्या साइटचा पत्ता आधी खरा सांगतो. तुम्ही त्याचं पान उघडता. मग तो वहीतली आपली ओळ बदलतो आणि तिथे तुमच्याच यंत्राचा पत्ता लिहितो. ब्राउझर बिचारा समजतो, आपण अजून त्याच साइटशी बोलतोय. सगळं घरातल्या घरात चाललंय असं त्याला वाटतं, त्यामुळे पुष्कळदा पाठवणाऱ्याचं नावही तो लिहीत नाही. म्हणजे ‘कोणी धाडलं’ विचारून उपयोग नाही. पण प्रत्येक निरोपावर आणखी एक ओळ असते: मी कोणाच्या दारी आलोय. तिथे अजूनही चोराच्या साइटचंच नाव राहतं. रस्ता आमच्या फाटकाशी आला, पण नाव दुसऱ्याचं. ती ओळ आम्ही आजवर वाचलीच नव्हती.

मी झाडाखाली बसून तिथेच लिहायला लागले. आत्यानं दोनदा हाका मारल्या, तिसऱ्यांदा स्वतः आली. “तोड सोडून कायची टकटक करून राहिली तू?”

मी सांगितलं. जमेल तेवढं साधं करून सांगितलं. तिनं सगळं ऐकून घेतलं.

“म्हंजे इतके दिवस तुनं फाटकच नाई लावलं?”

“लावलं होतं. अर्धं.”

“मंग शिकली कायले?” असं म्हणून ती झाडांत निघून गेली. जाताना मात्र एक सोललेलं संत्रं माझ्या मांडीवर टाकून गेली.

सोमवारी सर आणि मी कामाला बसलो. कोणाच्या दारी आलास, हे पहिलं. लोकलहोस्ट सोडून दुसरं नाव असेल तर पुढे ऐकायचंच नाही. कोणी धाडलं, हे दुसरं. आणि तिसरं, आत्याचं फाटलेलं पान: अवजार सुरू झालं की दर वेळी एक नवं लांबलचक गुपित तयार होईल, ते फक्त आमच्या पानाला मिळेल, आणि काम सांगणाऱ्या प्रत्येक निरोपासोबत ते आलंच पाहिजे. अवजार बंद करून चालू केलं की जुनं गुपित फुकट.

राहता राहिला पेन ड्राइव्ह. त्यावरून आमचं कडाक्याचं भांडण झालं. सर म्हणायचे, पोरांना तोडणार नाही. मी म्हणायचे, निनाव्याला आत घेणार नाही. चहावाला दोनदा दारातून परत गेला. शेवटी मी रागारागानं म्हटलं, “सर, पोरांकडे सर्व्हर आहे की नाही? त्यांच्याच यंत्रावर आहे ना? तो काय नेटवर चालतो?” आणि बोलता बोलताच मी थांबले. सरही थांबले. सर्व्हर तर तिथेच होता, लाइट असो नसो, लॅपटॉपची बॅटरी आहे तोवर चालणारा. मग पान पेन ड्राइव्हवर कशाला? सर्व्हरनंच ते वाढावं, ताटात वाढतात तसं. पानाला गाव मिळालं, गुपित मिळालं, निनावी खिडकी बंद. इतकी वर्षं आम्ही काखेत कळसा घेऊन गावाला वळसा घालत होतो. सर इतके हसले की त्यांना चष्मा काढून ठेवावा लागला.

शुक्रवारी अमरावती. सभागृहात पन्नासेक माणसं असतील, बहुतेक तरुण. आवाजावरून मला बाई उंच वाटल्या होत्या. प्रत्यक्षात माझ्या खांद्याला लागत होत्या. वही, पेन, मोठा चष्मा. नमस्कार केला आणि म्हणाल्या, “सुरू करू या का?” बस.

माझा लॅपटॉप भिंतीवरच्या मोठ्या पडद्याला जोडला होता. अवजार सुरू केलं, पान उघडलं, बटणं दाखवली. जो निरोप अडवला जाईल त्याची नोंद पडद्याच्या खालच्या अर्ध्या भागात उमटेल असं मी केलं होतं. त्या नोंदी मी आत्याच्या भाषेत लिहिल्या होत्या. थोडा राग अजून शिल्लक होता.

बाईंनी पहिली लिंक दिली. मी उघडली. थालीपीठ. खाली ओळ आली: “कोनं धाडलं? बाहेरचं हाय. जाय.”

सभागृहात कोणीतरी फिसकन हसलं. दुसरी लिंक, पोहे, निनावी चौकट. “नाव सांगत नाई. जाय.” आता बरेच जण हसले. बाई हसल्या नाहीत. वहीत टिकमार्क केला.

तिसरी लिंक उघडल्यावर काहीच झालं नाही. पुरणपोळीचं पान होतं, ते नुसतं उघडं राहिलं. बाई घड्याळ बघत उभ्या राहिल्या. मला कळलं, इंटरनेटच्या वहीतली ओळ बदलायला वेळ लागतो, त्या त्याचीच वाट बघताहेत. सर पहिल्या रांगेत डोळे मिटून बसले होते. मिनिटभरानं ओळ आली: “हे नाव इथलं नाई. वापस जाय.” आणि मग तीच ओळ पुन्हा, पुन्हा, पुन्हा. त्यांचं पान धडका मारत होतं आणि प्रत्येक धडकेला फाटकातून तेच उत्तर. मागच्या रांगेतल्या मुलांनी टाळ्या वाजवल्या.

बाईंनी हात वर करून त्यांना थांबवलं. “अजून एक.” त्यांनी वहीचं पान उलटलं आणि त्यातून काहीतरी लांबलचक बघून आपल्या लॅपटॉपवर टाइप करायला लागल्या. मी वाकून पाहिलं. ते माझं गुपित होतं. अवजार सुरू करताना ते माझ्या पडद्यावर आलं होतं, आणि मी ते भिंतीएवढं करून पन्नास माणसांना दाखवलं होतं. बाईंनी ते उतरवून घेतलं होतं. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. मला वाटलं, गेलं. आता ते नोकरीचं पत्र. पुणं. एकटीची खोली.

“आता उघडा,” त्या म्हणाल्या.

मी उघडली. डेस्कटॉपवर माझी नजर खिळली होती, फाइल उगवायची तिथे. खाली ओळ आली ती मला सरांनी मोठ्यानं वाचून दाखवली, कारण मी तिकडे बघतच नव्हते.

“पान जुळलं. पन कोनं धाडलं? बाहेरचं हाय. जाय.”

गुपित चोरूनही त्यांना आत येता आलं नव्हतं. निरोप त्यांच्याच पानानं पाठवलेला होता आणि ते ब्राउझरनं लिहूनच दिलं होतं. बाईंनी आणखी पाऊण तास घेतला. नाव बदलून, दाराचा क्रमांक बदलून, निरोपाचा प्रकार बदलून. पडद्यावर ‘जाय’च्या ओळींची रांग लागली. प्रत्येक ओळीला आता अख्खं सभागृह एका सुरात ‘जाय’ म्हणत होतं. मीही म्हणत होते. सर तर सगळ्यात मोठ्यानं.

शेवटी बाईंनी लॅपटॉप मिटला आणि माझ्याकडे नाही, सभागृहाकडे तोंड करून म्हणाल्या, “मला आत जाता आलं नाही.”

मी ओरडले. खरंच ओरडले, शेतात डुक्कर हाकलताना ओरडतात तशी. मला त्याची आजही लाज वाटत नाही. सरांनी रुमाल काढून नाक शिंकरलं आणि एसीला नावं ठेवली. बाई निघताना माझ्याजवळ आल्या, वहीतला शेरा मला दाखवला. ‘घ्यावे’ असं लिहिलं होतं, आणि खाली: ‘नोंदींची भाषा बदलू नये.’ मी त्यांचा हात हातात घेतला आणि थँक्यू म्हणायच्या ऐवजी जेवून जा म्हटलं. आणि त्या जेवल्या, दोन वेळा रस्सा मागून.

जेवण झाल्यावर मी व्हरांड्यात जाऊन त्या नोकरीवाल्या कंपनीला फोन लावला. येत नाही म्हटलं. पलीकडच्या मुलीनं कारण विचारलं. “इकडे काम आहे,” मी म्हटलं, आणि ते म्हणताना माझा आवाज इतका चढला की शेजारून जाणारे दोघं वळून बघायला लागले.

तेल्हाऱ्याला पोचायला दिवेलागण झाली. दार लोटलं तर स्वयंपाकघरात मुलगी होती. गॅससमोर स्टुलावर परात ठेवून भाकरी थापत होती. परातीशेजारच्या टोपलीत तीन-चार भाकरी, एक करपलेली, एक नकाशासारखी, सगळ्या जाड. मला बघून नवरा बाहेरच्या खोलीतूनच म्हणाला, “आठ दिवस झाले शिकते आहे. तू बसमधून यायच्या आत आवरून ठेवते. तुला सांगू नको म्हणाली.”

पुण्याचं मी तिला सांगितलंच नव्हतं. चकार शब्द नाही. पत्र पर्समध्ये होतं आणि पर्सची चेन मी स्वतः लावायचे.

“कोणासाठी चाललंय हे?” मी विचारलं.

“तू पुन्याले गेल्यावर बाबाले कोन करून देईन मंग?” ती माझ्याकडे न बघता म्हणाली. तिच्या अंगठ्याजवळ तव्याचा चटका बसून फोड आला होता.

मी पर्स खाली टाकली आणि तिथेच जमिनीवर बसले. “मी जात नाही कुठं,” म्हटलं. “झालं ते काम. आम्ही जिंकलो.”

तिनं हातातला गोळा परातीत ठेवला. मग तिनं परात माझ्याकडे सरकवली.

“मंग उरलेल्या दोन तू थाप,” म्हणाली. “माह्या हाताले लय झोंबून राहिलं.”